प्लेटमागचं जस्त

माझं नाव कुठल्याही शोधनिबंधात छापलेलं नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. तो मी नोकरीत असेपर्यंत पोटात ठेवला. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब डोक्यावर राहिला नाही, म्हणून लिहितो.

मी सोनकांबळे, नायगाव तालुक्यातला. आयटीआय करून नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. मुलं मला मामा म्हणायची. कॉलेजात शिपाई, माळी, प्रयोगशाळेतला माणूस, सगळे मामाच असतात. कॉलेजचं नाव लिहीत नाही. जे तिथे घडलं ते दुसरीकडे घडलं नसतं असं मला वाटत नाही.

आम्ही काय करत होतो ते आधी सांगायला हवं. वीस वर्षं माझ्या बायकोचा समज होता की मी कॉलेजात भट्टी पेटवायला जातो. तसं ते खोटंही नव्हतं.

कुठल्याही धातूचा अणू घ्या. त्याच्यात इलेक्ट्रॉन असतात. बाहेरून दुसरा इलेक्ट्रॉन जोरात येऊन धडकला, तर आतला एखादा निसटतो. मग त्या अणूवर विजेचा भार येतो आणि त्याला आयन म्हणतात. वेल्डिंगच्या ठिणगीत हे होतं, रस्त्यावरच्या जुन्या दिव्यांत व्हायचं, ताऱ्यांवर होतं. धडक बसते हे सगळ्यांना माहीत आहे. किती वेळा बसते आणि किती वेळा इलेक्ट्रॉन नुसताच बाजूनं निघून जातो, हे मोजावं लागतं. पुस्तकात त्याला काटछेद म्हणतात. मी नव्या मुलांना सांगायचो, अणू हे निशाण आहे, आणि ते निशाण केवढं मोठं आहे ते आपल्याला मोजायचं आहे.

हवेसारख्या वायूचं मोजणं सोपं. डब्यात भरला, दाब पाहिला, अणू किती ते कळलं. धातूची मात्र आधी वाफ करावी लागते, आणि तीही निर्वात डब्यात, नाहीतर धातू जळून जातो. आम्ही जस्त घेतलं होतं. जस्ताची एक खोड आहे. निर्वात डब्यात ते वितळायच्या आधीच वाफ होऊन निघतं, साडेतीनशे अंशांच्या आसपास. त्या वाफेची बारीक धार वर सोडायची, आडव्या बाजूनं इलेक्ट्रॉनची धार सोडायची, आणि दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे तयार झालेले आयन ओढून घेऊन त्यांची वीज मोजायची. ती वीज इतकी कमी, की शेजारच्या खोलीत कुणी पंखा लावला तरी काटा हलायचा.

तो निर्वात डबा एमआयडीसीतल्या एका वेल्डरनं केला होता. तो दूधडेअरीच्या टाक्या करायचा. भट्टी मी केली. वाफेची धार जिच्यातून निघते त्या फटीच्या कडा सरळ हव्या होत्या म्हणून दाढीची ब्लेडं लावली. डबा कुठे गळतोय हे शोधायला मी ब्रशनं प्रत्येक जोडावर स्पिरिट लावत जायचो. गळतीच्या जागी आलो की मीटरचा काटा उडायचा. डब्यातली हवा ओढून काढणारा पंप थंड ठेवायला सतत पाणी लागायचं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी कधी येईल याचा नेम नाही. शेवटी मी घरचा कूलर आणला, त्याच्या टाकीतलं पाणी छोट्या मोटारीनं फिरवलं आणि त्यात बर्फाची लादी टाकायला सुरुवात केली. सात उन्हाळे तो पंप असा चालला. बायकोनं सात उन्हाळे मला बोलणं ऐकवलं.

या कामात सगळ्यात अवघड गोष्ट एकच होती. आयन किती झाले ते विजेवरून कळतं. पण मुळात धारेत अणू किती होते? ते कळल्याशिवाय बाकीचं सगळं व्यर्थ. त्यासाठी वाफेच्या वाटेवर एक छोटी पातळ प्लेट ठेवायची. ठरावीक वेळ वाफ तिच्यावर बसू द्यायची. मग रसायनशास्त्र विभागातल्या बारीक तराजूवर तिचं वजन करायचं, आधीचं आणि नंतरचं. जेवढं वजन वाढलं तेवढं जस्त आलं. वजन करायचं काम माझं. पंखा बंद, खिडक्या बंद, श्वास रोखून. प्रत्येक प्लेट मी दोनदा तोलायचो.

वैशाली बिरादार या कामावर पीएचडीला आली ती जळकोटहून. वडील शेती करणारे, घरात पहिलीच एवढं शिकलेली. बारीक अंगाची, बोलणं कमी, पण हट्टी. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "मामा, स्पॅनर कसा धरायचा ते दाखवा. तुम्ही सुट्टीवर असला तर मी कुणाच्या तोंडाकडं पाहू?" तोवर मी पीएचडीचे पाच विद्यार्थी पाहिले होते. स्पॅनर मागणारी ही पहिली.

अडीच वर्षांत तिचं मोजमाप पूर्ण झालं. परदेशातल्या एका नावाजलेल्या गटानं जस्ताचे आकडे पूर्वीच छापले होते आणि आमचे त्यांच्याशी तंतोतंत जुळले. सर खूश होते. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, आमचे विभागप्रमुख. त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. तेव्हा मी गप्प राहिलो असतो तर वैशाली आज कुठल्यातरी कॉलेजात प्राध्यापक असती. हे मी अनेकदा मनाशी बोललो आहे.

डबा साफ करायचं काम माझ्याकडे होतं. दर महिन्याला उघडून आतलं जस्त पुसून काढायचं, कापूस आणि पातळ ॲसिड घेऊन. निर्वात जागेत अणू सरळ जातात, वळत नाहीत. प्लेटच्या मागं सावली पडते, तिथे जस्त जायला नको. पण प्लेटच्या धारकाच्या मागच्या बाजूला, अगदी सावलीत, मला प्रत्येक वेळी राखाडी पापुद्रा सापडायचा. बोटानं पुसला की बोट काळं व्हायचं. मी सरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, "मामा, थोडंफार उडतंच."

पेढे वाटल्यानंतरच्या सफाईत मी वैशालीला हाक मारली.

"ताई, इथं बोट लावून बघा."

तिनं लावलं. बोटाकडं बघत राहिली. "हे इथं कसं आलं?"

"तेच तर. सरळ आलं असतं तर इथं पोचलं नसतं. म्हंजे कुठंतरी आदळून आलंय."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मामा, प्लेटवर आलेलं सगळं जस्त चिकटत न्हाई. काही उडून मागं जातंय. आपण तोलून राहिलो ते फक्त चिकटलेलं."

हे किती मोठं होतं ते साध्या हिशेबानं सांगतो. जत्रेत वीस जणांना धक्का लागला आणि तुम्ही गर्दी शंभराची धरली, तर पाचातल्या एकाला धक्का लागला असं म्हणाल. नंतर कळलं की गर्दी दीडशेची होती, तर तुमचं म्हणणं चुकलं. आमचे अणू आम्ही कमी मोजले होते. म्हणून आमचं निशाण खऱ्यापेक्षा मोठं दिसत होतं. आणि आमचा आकडा परदेशातल्या आकड्याशी जुळत होता, याचा अर्थ त्यांनीही तीच चूक केली होती.

उपाय वैशालीनं वाचून काढला. प्लेट खूप थंड केली की आलेला अणू उडत नाही, तिथेच बसतो. खूप थंड म्हणजे द्रवरूप नायट्रोजननं. आमच्या कॉलेजात तो कुठला यायला? पण मला ठाऊक होतं तो कुठे असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात ठेवतात. तिथले शेखभाई माझ्या ओळखीचे. मी कॉलेजचा अर्ज घेऊन गेलो. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"मामा, जस्ताला काय रेतन करायचंय का?"

"न्हाई भाई, थंडी वाजवायचीय."

"तुमचं कॉलेज लई पुढं गेलं बघा," म्हणाले आणि साहेबांची सही आणून दिली. नवी टाकी आली की जुनीतला उरलेला नायट्रोजन आम्हाला मिळायचा. तो भांड्यात घेऊन ऑटोत मांडीवर धरून मी आणायचो. वाटेत त्यातून धूर निघाला की ऑटोवाला मागं वळून वळून बघायचा.

मी स्टीलची नळी केली, तिच्या तळाला तांब्याचा ठोकळा, ठोकळ्यावर प्लेट. नळीत वरून नायट्रोजन ओतायचा. पहिल्या खेपेला आम्ही गडबड केली. प्लेट थंड असतानाच डबा उघडला, बाहेरची दमट हवा तिच्यावर बसली आणि आम्ही जस्ताबरोबर पाणी तोललं. ती मोजणी मी वहीत लिहून वर काट मारली आणि कारण लिहिलं. नंतर मात्र प्लेट पूर्ण कोमट होईपर्यंत चार तास थांबायचो, मगच डबा उघडायचो.

जस्त जवळजवळ दीडपट भरलं. निशाण तिसऱ्या हिश्शानं लहान झालं.

वैशालीनं आलेख सरांच्या टेबलावर ठेवला तेव्हा मी तिथेच होतो. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "जुळत होतं ना? मग हात का लावला?"

सर वाईट माणूस नव्हते. मला टायपिंगच्या परीक्षेला बसवणारे, मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसून जेवणारे सर होते ते. पण त्या वाक्यानं माझ्या मनातून ते एक पायरी उतरले, ते परत चढले नाहीत.

प्रबंध द्यायच्या आधी बाहेरच्या तज्ज्ञासमोर काम मांडावं लागतं. तज्ज्ञ आले मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतून. वैशालीनं वीस मिनिटं मांडणी केली, दोन्ही आकडे दाखवले, साध्या प्लेटचे आणि थंड प्लेटचे, आणि फरक का पडतो ते सांगितलं. चांगलं सांगितलं. ते ऐकताना मोबाइल बघत होते. मग म्हणाले, "तुमचे पहिले आकडे छापून आलेल्या साहित्याशी जुळतात. दुसरे जुळत नाहीत. म्हणजे दुसऱ्यात चूक आहे."

"सर, साहित्यातल्या मोजणीत प्लेट थंड केलेली नव्हती," वैशाली म्हणाली.

"त्या लोकांना एवढंही कळलं नसेल?"

मग ते यंत्राकडे आले. भट्टीवर वाकून पाहिलं.

"ही कुठून घेतली?"

सर म्हणाले, "इथेच केली. आमच्या मामांनी."

ते माझ्याकडे वळले. "नाव काय?"

"सोनकांबळे."

"हं. शिक्षण?"

"आयटीआय, सर."

त्या 'हं'मध्ये काय होतं ते माझ्या समाजातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही. म्हणून ते इथेच सोडतो.

ते सरांना म्हणाले, "थंड प्लेटवर पाणी जमतं. यांनी पाणी तोललं असणार."

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. वही माझ्या हातात होती. ओल्या मोजणीवरची काट, तिचं कारण, त्यानंतरचे चार चार तास, सगळं तिच्यात होतं. मी म्हणालो, "सर, पाण्याचं आम्ही पाहिलंय, ह्या वहीत..."

"तुम्हाला विचारलं नाही," ते म्हणाले.

सर खिडकीबाहेर बघत होते.

पुढे अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की उपकरण अकुशल कर्मचाऱ्यानं स्थानिक पातळीवर बनवलेलं असल्यानं दुसऱ्या संचातील मोजमापं विश्वासार्ह वाटत नाहीत. पहिला संच ग्राह्य धरावा किंवा सर्व मोजमापं पुन्हा करावीत. गंमत बघा. पहिला संचही त्याच भट्टीवर, त्याच अकुशल कर्मचाऱ्यानं तोललेला. जुळला म्हणून तो कुशल झाला.

अकुशल हा शब्द मी घरी जाऊन बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग पगार कशाचा देत व्हते एवढी वर्षं?" मला हसू आलं नाही.

त्याच महिन्यात उदगीरच्या एका कॉलेजात जागा निघाली होती. कायम जागा, जळकोटहून येऊन जाऊन करण्यासारखी. अट होती पीएचडीची. सरांनी वैशालीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पहिला संच दे, दुसरा सोडून दे, महिन्याभरात प्रबंध जाईल. "ते आकडे काही खोटे नाहीत. मोजलेलेच आहेत."

ती माझ्याकडे आली. मी बेसिनपाशी बाटल्या धूत होतो.

"मामा, काय करू?"

या जागेवर मला माझाच राग येतो, त्या तज्ज्ञापेक्षा जास्त. मी हात पुसले आणि म्हणालो, "सर म्हणतेत तसं करा, ताई. मोजलेलेच आकडे हायत. डिग्री घ्या, नोकरीला लागा. जस्ताचं काय, ते कुठं पळून चाललंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मामा, तुम्ही म्हणून राहिलात हे? तुम्हीच तर माझं बोट धरून प्लेटच्या मागं लावलं व्हतं."

मी परत नळ सोडला.

तिनं अर्ज दिला की सर्व मोजमापं पुन्हा करायची आहेत. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. उदगीरच्या जागेवर दुसरं कुणी लागलं. तिची शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि ती सकाळी एका शाळेत शिकवून दुपारी प्रयोगशाळेत येऊ लागली.

तेव्हा मी ठरवलं की आता नुसती थंड प्लेट पुरे नाही. कुणी पुन्हा पाणी तोललं म्हणालं तर त्याच्या तोंडासमोर ठेवायला दुसरी काहीतरी गोष्ट पाहिजे, जिच्यात थंडी नाही आणि पाणी नाही. विचार करता करता मला मातीचा गल्ला आठवला, बारक्या फटीचा. आत टाकलेलं सहजी बाहेर येत नाही. मी पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चिमुकली डबी केली, तिला वर फक्त एक भोक ठेवलं. वाफ भोकातून आत गेली की आतल्या भिंतींवर उडत राहणार, दहा ठिकाणी आदळणार, कुठंतरी बसणार. भोक सापडून बाहेर येणारे अणू नगण्य. थंड करायची गरज नाही, उघडतानाची कटकट नाही.

डबीचं वजन केलं त्या दिवशी वैशाली तराजूच्या काचेला नाक लावून उभी होती. मी तिला मागं सरकवलं, तिच्या श्वासानं आकडा हलत होता. पहिलं वजन झालं. दुसरं झालं. तिनं थंड प्लेटचे कागद काढले, बोट ठेवून बघितलं. दोन्ही जवळजवळ सारखे. पुन्हा केलं. पुन्हा सारखे. पुढच्या काही आठवड्यांत असं अकरा वेळा केलं.

अकराव्या वेळी ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. म्हणाली, "मामा, चहा सांगा." इतक्या महिन्यांचा अबोला संपला तो तिथे.

प्रबंध गेला तिच्या आकड्यांसह. तोवर दीड वर्ष उलटलं होतं. या खेपेला परीक्षक दुसरे होते. तोंडी परीक्षा वीस मिनिटांत आटोपली. मी दाराबाहेर ती डबी रुमालात घेऊन उभा होतो, कुणी मागितली तर द्यावी म्हणून. कुणी मागितली नाही. बाहेर येऊन परीक्षक जेवायला गेले. तिला डिग्री मिळाली. कायम जागा नंतर निघाल्या नाहीत. तासावर शिकवायच्या निघाल्या, त्यात घर चालत नाही. ती लातूरला गेली. तिथे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येणाऱ्या मुलांचे मोठमोठे क्लास आहेत, त्यांतल्या एकात भौतिकशास्त्र शिकवते. पगार बरा आहे. प्रयोग नाहीत.

मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी एकदा सरांचा फोन आला, घरी या म्हणून. सरही निवृत्त झालेले. दारातच त्यांनी मोबाइल पुढं केला. परदेशातल्या त्याच नावाजलेल्या गटाचा नवा निबंध. त्यांनी प्लेट थंड करून जस्त पुन्हा मोजलं होतं, आणि आपले जुने आकडे जास्त होते असं कबूल केलं होतं. नवे आकडे वैशालीच्या आकड्यांच्या अगदी जवळ.

"मामा, आपलं बरोबर होतं," सर म्हणाले. चेहरा फुलला होता. "आपलं."

मी पाणीही न घेता माघारी वळलो. आठ वर्षांपूर्वी तेच निशाण, तेच जस्त, तीच थंड प्लेट होती. तेव्हा ते सोनकांबळेचं पाणी होतं. आज तिकडून छापून आलं तेव्हा ते आपलं झालं. मी जिना उतरताना सर वरून म्हणाले, "मामा, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं." त्यांनी ते म्हटलं, याची मी नोंद घेतो. त्यापुढचं मला जमत नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज करून मी त्या अहवालाची प्रत काढली आणि कॉलेजला लिहिलं की आता आकडे खरे ठरलेत, तर 'अकुशल' हा शब्द वगळावा. अकरा महिन्यांनी उत्तर आलं. सदर कर्मचारी सेवानिवृत्त झाले असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. म्हणजे फाइल बंद. माणूस घरी गेला की त्याची अकुशलता दप्तरात कायम.

तो कागद आणि सरांनी नंतर पाठवलेला निबंध घेऊन मी लातूरला गेलो. वैशालीच्या क्लासची मधली सुट्टी होती. स्टाफरूममध्ये ती एकटीच डबा खात होती. मी निबंधाची छापलेली पानं पुढं ठेवली. तिनं हात धुतले, पानं उचलली, आणि आधी शेवटचं पान पाहिलं. शेवटी संदर्भांची यादी असते, कुणाकुणाचं काम वाचलं त्यांची नावं. तिची नजर दोनदा वरून खाली गेली.

"न्हाई आपलं नाव," ती म्हणाली. "त्यांना कुठून कळणार? प्रबंध आपल्या लायब्ररीत कुलपात हाय." मग पहिल्या पानापासून वाचायला लागली. मधेच म्हणाली, "प्लेट थंड केली त्यांनी, पण डबी न्हाई केली." आणि थोडं हसली.

मी म्हणालो, "ताई, त्यांना लिहा."

"राहू द्या मामा. आता काय उपयोग हाय?"

"राहू द्यायचं न्हाई. मागं एकदा मी तुम्हाला राहू द्या म्हणलो, ते चुकलं माझं. आज लिहा. मी बसतो इथं."

तिनं पानं खाली ठेवली. "मामा, मला त्या दिवशी राग आला व्हता तो तुमचा. सरांचा न्हाई, त्या माणसाचाबी न्हाई. त्यांच्याकडनं मला अपेक्षाच नव्हती."

"माहीत हाय," मी म्हणालो.

घंटा झाली. तिनं दुसऱ्या शिक्षकाला तास घ्यायला सांगितलं, लॅपटॉप उघडला आणि लिहिलं. सही करताना तिनं स्वतःचं नाव टाकलं, खाली माझं टाकलं. हुद्दा काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हणालो, हुद्दा नको.

चार दिवसांत उत्तर आलं. तिकडच्या माणसानं डबीचं चित्र मागितलं होतं, आणि वजनाच्या मूळ नोंदी पाठवता येतील का असं विचारलं होतं. इथल्या दप्तराला अकरा महिने लागले होते, हे सहज आठवलं.

मूळ नोंदी म्हणजे माझी वही. ती वैशालीनं जळकोटला घरी जपून ठेवली होती. रविवारी ती गेली आणि बासष्ट पानांचे फोटो काढले. मग तिच्या लक्षात आलं, मी सगळी वजनं मराठी आकड्यांत लिहिली होती. मला घाईत तेच येतात. तिनं एका कोऱ्या कागदावर शून्यापासून नऊपर्यंत आमचे आकडे काढले, प्रत्येकापुढे त्यांचा आकडा लिहिला, आणि तो कागद पहिल्या पानाच्या आधी लावून सगळं पाठवून दिलं.

परवा तिचा फोन आला. त्या माणसानं वही वाचली आहे, सगळी. एकच शंका आहे. एकेचाळिसाव्या पानावर, डबीच्या सहाव्या वजनात, शेवटचा आकडा एक आहे की नऊ?

मला पान बघायची गरज पडली नाही. ते वजन करताना वीज गेली होती आणि आम्ही सगळं पहिल्यापासून केलं होतं.

"नऊ हाय," मी म्हणालो. "कळवा त्यांना. दोनदा तोललंय."